मुसाफिरखान्यातला बोका

मी कवळ्या करते. दाताचे डॉक्टर वर एसीत बसतात, आम्ही तळमजल्यावर मेणात आणि प्लास्टरमध्ये हात घालून बसतो आणि वरून आलेल्या ठशांवर दात बसवतो. अर्ध्या गावाच्या तोंडात माझं काम आहे असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसू देत. एवढ्यासाठी सांगितलं की मी चिकाटीची माणूस आहे आणि दुसऱ्याचा वेंधळेपणा मला अजिबात खपत नाही.

आणि माझी वहिनी म्हणजे वेंधळेपणाची कमाल आहे. शिवण सोडून, हं. कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत ती अल्टरेशनचं काम करते. गिऱ्हाईक नुसतं समोरून चालत गेलं तरी पँट किती आखूड करायची ते तिला कळतं. पण घराच्या किल्ल्या तिने इतक्यांदा हरवल्यात की कुलूपवाला तिला मावशी म्हणतो आणि चहा विचारतो.

दादाला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. रविवारी दुपारी बेल वाजली म्हणून दार उघडलं तर ही उभी, आणि मागे टॅक्सीवाला दादाचा जुना कॉम्प्युटर छातीशी धरून धापा टाकतोय.

"हे कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"भंगारात," मी म्हटलं.

"वन्सं, बाजूला व्हा," वहिनी म्हणाली. एरवी ती मला अगं-तुगं करते. वन्सं आणि अहो-जाहो फक्त राग आला की, नाहीतर काहीतरी मागायचं असलं की. तिच्या तोंडाकडे बघितलं तर दोन्ही होतं. मी बाजूला झाले.

जेवणाच्या टेबलावर मशीन मांडून झालं, टॅक्सीवाला गेला, आणि ती पर्स मांडीवर घेऊन बसली. "मला तळघर शिकव," ती म्हणाली.

तळघर हे आमच्या घरातलं नाव. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक, खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापलेलं. पाच भागांचा खेळ आहे. दादा शाळेत होता तेव्हा त्याने सेकंडहँड मशीन घेतलं, त्याच्याबरोबर पाचही भागांचं हे खोकं आलं. आपण सहा प्रवासी तयार करायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं, धंदा द्यायचा आणि त्यांना घेऊन तळघराखालच्या तळघरात उतरत जायचं. पडद्यावर दिसायचं काय, तर पांढऱ्या रेघांच्या भिंती. राक्षस आला की एक टिचभर चित्र आणि खाली ढीगभर मजकूर. आजची पोरं बघितली तर पोट धरून हसतील.

पण त्यात एक गोष्ट होती. भाग संपला की तेच सहा जण पुढच्या भागात जायचे, आपापल्या जखमा आणि तलवारी घेऊन. सगळे एका फ्लॉपीवर राहायचे. आणि कुणी मेलं की ते त्याच क्षणी फ्लॉपीवर लिहिलं जायचं. मशीन बंद करा, पाया पडा, काही उपयोग नाही. त्या फ्लॉपीची नक्कल निघत नाही, कंपनीने तशी सोयच ठेवली नव्हती. मेलेल्याला वैद्याकडे न्यायचं, तो जमलं तर उठवायचा, नाही जमलं तर राख. मग संपलं.

दादाचे सहा जण असे. पहिला तो स्वतः, तलवारवाला. नाव बोका, कारण घरात सगळे त्याला बोकाच म्हणायचे. दुसरी मी, तिरंदाज, नाव मिरची. का ते विचारू नका. मग आई, औषधपाणी करणारी. चौथे गणिताचे सर, ते मंत्र टाकायचे आणि निम्म्या वेळा फुकट घालवायचे. पाचवा कोपऱ्यावरचा वाणी, कुलपं फोडणारा. त्या बिचाऱ्याला हे शेवटपर्यंत कळलं नाही. सहाव्या जागेवर माणसं येत गेली, मरत गेली. लग्न झाल्यावर दादाने तिथे वहिनीला बसवलं आणि तिचं नाव ठेवलं सुई.

दोन भाग त्याने आणि मी मिळून संपवले होते. तिसरा त्याने लग्नानंतर काढला, वहिनी शेजारी खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावायची आणि हा खेळायचा. पण दादाचं काम लिफ्टदुरुस्तीचं. कुठेतरी कुणीतरी अडकलं की फोन, की हा निघाला. खेळ राहून गेला. रिटायर झालो की उरलेलं, असं तो म्हणायचा. हृदयाने तेवढा धीर धरला नाही. दवाखान्यात चार दिवस होता, सुधारतोय म्हणाले, आणि एका दुपारी गेला.

"शिकून काय करणार?" मी विचारलं.

"पाचव्या भागाच्या शेवटी मोठं दार आहे म्हणे," वहिनी म्हणाली. "उघडलं की बाहेर मोकळं आकाश. आणि जे जिवंत बाहेर पडले त्यांची नावं एकाखाली एक येतात. हे सांगायचे मला. यांनीही पाहिलं नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलं होतं." तिने पर्सची चेन उघडली आणि लावली. "मला यांचं नाव तिथे बघायचंय."

"वहिनी, तो खेळ आहे गं."

"खेळच आहे. मी वेडी नाही झालेली. शिकवणार आहेस का दुसरं कुणी बघू?"

दुसरं कोण शिकवणार होतं तिला? त्या खेळातले डोंगराएवढे नियम जगात आम्हा दोघांनाच माहीत असावेत अशी माझी समजूत होती, आणि त्यातला एक गेला होता. दादाने मला शिकवलं ते सगळं तोंडी. माहितीपुस्तक आमच्याकडे कधी नव्हतंच, आधीच्या मालकाने ते हरवलेलं होतं.

मी बटण दाबलं. मशीन जरा खोकलं, फ्लॉपी कुरकुरली, आणि सहा नावं आली. पहिलंच बोका. पुढे पातळी, पुढे वय, चोवीस, आणि पुढे एक शब्द, ठीक. म्हणजे इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

वहिनीने त्या शब्दावर बोट ठेवलं. "ठीक आहेत म्हणतंय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मी चहा टाकायला आत गेले. मला कुणी समोर रडलं की काय करायचं ते कळत नाही आणि न कळलं की मला राग येतो.

तर असे आमचे रविवार सुरू झाले. ती जेवण करून यायची, संध्याकाळी जायची. पहिले काही रविवार मी किती ओरडले असेन त्याला हिशेब नाही. डावीकडे वळ म्हटलं की ही भिंतीवर आपटणार. तीच भिंत, तेच आपटणं. राक्षस आला की ही आधी त्याचं चित्र नीट बघणार. "याच्या अंगरख्याची शिवण उसवलीय बघ," असं एकदा म्हणाली, आणि तेवढ्यात त्याने सरांना लोळवलं. सरांना उठवायला वैद्याने आमचे सगळे पैसे घेतले. पण शिकली. बोटं सुईवरची, एकदा वळण पडलं की पडलं. पुढे पुढे ती मलाच सांगायची, मिरचीला मागे घे, दमलीय ती.

मला बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. दादा गेल्यापासून माझा रविवार म्हणजे कपडे धुणं आणि छताकडे बघणं. आता शनिवारपासून मी खायला काय करायचं याचा विचार करायचे. आणि त्या टेबलाशी बसलं की बोका पुढे चाललेला असायचा. पडद्यावर यायचं, बोका वार करतो. बोका पुन्हा वार करतो. शाळेपासून वाचत आलेली ती ओळ. तो होता तेव्हाही तशीच यायची, आताही तशीच येत होती, आणि वाचताना क्षणभर माझा पक्का गोंधळ व्हायचा.

तिसऱ्या भागाच्या मध्यावर बोका मेला.

विषारी कोळी होते, सगळे पुढच्या रांगेवर तुटून पडले. ओळ आली, बोका कोसळतो. ठीकच्या जागी दुसरा शब्द आला. वहिनीने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. उठून मोरीत गेली आणि तिला उलटी झाली. मी एकटीने त्या पाच जणांना वर आणलं, वैद्यापुढे उभं केलं, आणि वैद्याचं ते 'प्रयत्न चालू आहे' असं येतं ना, त्या वेळात मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बोका उठला. मी ओरडून सांगितलं, "उठला गं!" ती दारात येऊन उभी राहिली, तोंड पुसत, आणि जवळ यायलाच तयार होईना.

"त्यांना नाही न्यायचं आता," ती म्हणाली.

"अगं, तो पुढच्या रांगेतला माणूस आहे. त्याच्याशिवाय मार कोण खाणार?"

"कुणीही खाऊ दे. मी खाईन. त्यांना नाही."

आता यात एक सोय होती. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गाव असतं आणि गावात मुसाफिरखाना. तिथे माणूस ठेवता येतो आणि भाडोत्री घेता येतो. मुसाफिरखान्यात कुणी हल्ला करत नाही, विष नाही, सापळा नाही. भाग बदलला तरी तिथला माणूस आपोआप पुढच्या गावच्या मुसाफिरखान्यात येतो. मी विचार केला तर मलाही ते पटलं. आपण चार-पाच जण रखडत का होईना शेवटच्या दारापाशी जाऊ, मग परत येऊन त्याला न्यायचं, दोन पावलं चालवायचं, की नाव आलंच. दादा असता तर चिडवून चिडवून जीव घेतला असता, पण दादा नव्हता म्हणून तर हे सगळं. दोघींनी मिळून बोक्याला मुसाफिरखान्यात ठेवलं. त्याच्या जागी एक मठ्ठ भाडोत्री घेतला, त्याचं आम्ही नावसुद्धा लक्षात ठेवलं नाही.

मुसाफिरखान्याच्या फळ्यावर नुसतं नाव आणि पातळी दिसते. बाकीचं पान बघायचं तर माणसाला तुकडीत घ्यावं लागतं, आणि वहिनी काही त्याला हात लावू द्यायला तयार नव्हती. पण दर रविवारी खाली उतरायच्या आधी ती फळा उघडायला लावायची. बोका हे नाव वाचायची आणि म्हणायची, "आलेच हं." आणि फळा बंद. पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर तिने म्हटल्याशिवाय मीच खाली उतरायची नाही.

बोका नाही म्हटल्यावर आमची गत काय वर्णावी. प्रत्येक लढाईनंतर निम्मे आडवे. तुकडीला मुक्काम टाकता येतो, मुक्काम टाकला की जखमा भरतात, पण त्यात खेळातले महिने जातात. दादा मुक्कामाच्या विरुद्ध. जखमा घेऊनच पुढे, हा त्याचा खाक्या. वहिनीचं उलटं. कुणाला जरा खरचटलं की मुक्काम. "जखमी माणसाला कशाला चालवायचं? निजू दे." आईला सर्दी झाल्यासारखी ती आईला निजवायची. मीही फार ताणलं नाही. खऱ्या आईला शेवटी कुणी असं निजू दिलं नव्हतं, माझं तोंड बंद झालं ते त्यामुळे.

मुक्काम वाढले तशी वयं वाढली. चौथ्या भागात आईला मंत्र आठवेनासे झाले, सरांचा हात थरथरायला लागला, मिरचीचा नेम चुकायला लागला. वहिनी म्हणाली, तू म्हातारपणी अशीच होणार. मी म्हटलं, तुझी सुई तर दोरासुद्धा ओवू शकत नाही आता. आम्ही हसत होतो, पण मनातून घाबरलो होतो, कारण वयाने गेलेल्याला वैद्य उठवत नाही, हा नियम दादाने मला पहिल्याच भागात सांगितला होता.

त्याच भागात तळाशी झरा सापडला. पाणी प्यायलं की वय उतरतं. सगळे पोटभर प्यायले. आई पुन्हा तिशीत आली, सर ताठ झाले, त्या मठ्ठ भाडोत्र्यालाही पाजलं वहिनीने, म्हणाली, असू दे, कुणाचा तरी मुलगा आहे. त्या दिवशी आम्ही बाहेर जाऊन आइस्क्रीम खाल्लं. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा तिने साडीला मॅचिंग कानातलं घातलं होतं. परत परत त्या झऱ्यावर जायचो मग, वय झालं की प्यायचो, आणि पुन्हा बिनधास्त मुक्काम.

पाचवा भाग अवघड होता, पण आम्हीही आता कसलेल्या झालो होतो. दुकानातल्या मालकिणीने वहिनीला विचारलं म्हणे, तुझा चेहरा रविवारी उजळतो तो कशाने, कुणी आहे का? वहिनी म्हणाली, आहे ना. मालकीण बिचारी आठवडाभर पाळत ठेवून होती.

आणि एका रविवारी दार दिसलं. दोन ओळी आल्या, समोर प्रचंड दार आहे, पलीकडून वारा येतो आहे. वहिनीने कीबोर्डवरून हात उचलून घेतले.

"आता त्यांना आणूया," ती म्हणाली.

वर यायला आम्ही जपून आलो. एकही लढाई घेतली नाही, चोरासारखे भिंतीभिंतीने आलो. गाव आलं. वहिनी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली, केस नीट केले. मलाही आपला कुर्ता बदलावासा वाटत होता.

मुसाफिरखाना उघडला. फळ्यावर बोका हे नाव होतं, पातळी होती तीच. भाडोत्र्याला निरोप दिला. बोक्यावर खूण केली, तुकडीत घ्या, असं बटण दाबलं.

ओळ आली, हा प्रवासी आता येऊ शकत नाही.

मी पुन्हा दाबलं. तीच ओळ. मी म्हटलं, मशीन अडकलंय, जुनं आहे, थांब. तिसऱ्यांदा दाबल्यावर, कारण दाखवायला असेल, त्याचं पान उघडलं. अंगावर सगळं जसंच्या तसं होतं, तलवार, ढाल, थोडी शिदोरी. जखम एकही नाही. वय ब्याऐंशी. आणि ठीकच्या जागी लिहिलं होतं, वार्धक्याने मृत्यू.

बघत राहिले मी. आधी काही कळेचना, आणि मग सगळं एकदम कळलं. आमचा प्रत्येक मुक्काम. आईची सर्दी, सरांचा खांदा, सुईला जरा खरचटलं. आम्ही खाली निजत होतो आणि दिवस वरही जात होते. आम्ही झऱ्यावर जाऊन पुन्हा तरुण होत होतो, आणि तो तिथे नुसता बसून होता. मुसाफिरखान्यात माणसाचं वय थांबत नाही हे दादाने मला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला तरी कुठून माहीत असणार? त्याने आयुष्यात कुणाला मागे ठेवलं नव्हतं. सर अर्धमेले असले तरी त्यांना ओढत घेऊन जायचा.

माझं डोकं फिरलं. मी खेळाला शिव्या घातल्या, तो बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांना घातल्या, टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की पडदा हलला. असली अक्कल कोणाची, माणूस कोपऱ्यात बसलाय, कुणाचं काही घेत नाही, त्याचे दिवस कसले मोजता? वहिनी पडदा वाचत होती, हळूहळू, ती शिवणीवरून हात फिरवते तशी.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "म्हातारे झाले म्हणजे."

"वहिनी, ऐक."

"कसे दिसत असतील गं? केस गेले असते का? तुमच्या बाबांचे गेले होते."

मला दातांशिवाय काही सुचेना. ब्याऐंशीच्या माणसांचे ठसे माझ्याकडे रोज येतात. हिरडी कशी झिजते, ओठ कसे आत जातात, सगळं मला पाठ आहे. दादाचं तोंड तसं झालेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं, हसताना. आम्हाला कुणालाच तो तसा मिळाला नाही. मला तो म्हातारा भाऊ हवा होता. भांडायला हवा होता.

"हे कधी झालं असेल?" वहिनीने विचारलं.

"ते कळत नाही. चौथ्या भागात असेल. त्यानंतरही असेल."

"मी दर रविवारी आलेच हं म्हणायचे. तेव्हा होते का?"

"होते," मी म्हटलं. "शेवटच्या मुक्कामात गेला असेल. आत्ता, या दोन-तीन रविवारांत."

"खोटं नको बोलूस. तुला येत नाही."

खरंच येत नाही. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती, परत परत किक मारत होतं. वहिनीने पदराने पडद्यावरची धूळ पुसली, फक्त त्याच्या नावापाशी.

"एक सांगू का," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाहीये. तुलाही नाही." ती पडद्याकडेच बघत होती. "त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, घरी जाऊन अंघोळ करून या. मी गेले. आले तेव्हा झोपले होते. म्हटलं, झोपू दे, चार रात्री डोळा लागला नव्हता त्यांचा. एका स्कर्टची दुमड घालायची राहिली होती, ती घेऊन शेजारी बसले. आणि बोलत होते हळूहळू. कुलूपवाल्याचं सांगितलं, परत किल्ली हरवली ते. मालकीण काय म्हणाली ते. तुझं कायतरी सांगितलं, तू वरच्या डॉक्टरशी भांडलीस ते. मला वाटलं, हसले जरासे. सगळी दुमड घालून झाली. मग नर्स आली नाडी बघायला."

मी तिचा हात धरला. तो गार होता, आणि तर्जनीला सुईने पडलेला घट्टा माझ्या तळव्याला लागत होता.

"मी बसले तेव्हा होते का नव्हते, हे मी नर्सला विचारलं नाही," वहिनी म्हणाली. "विचारायची हिंमत झाली नाही. वाटलं होतं, इथे तरी जातील ते दारापर्यंत. इथे तरी मी बघेन."

जगातल्या प्रत्येकाला द्यायला माझ्याकडे उत्तर असतं, डॉक्टरला, भाजीवालीला, देवाला. मी तोंड उघडलं आणि त्यातून नुसतं रडणं आलं, मोठ्याने, लहानपणी यायचं तसं. दादा गेल्यावर मी रडले नव्हते. मला सगळे खंबीर म्हणाले होते. आता तिनेच मला जवळ घेतलं आणि मी तिच्या खांद्यात तोंड खुपसून तिची साडी भिजवली.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, दार उघडायचं का? पाच जण जाऊ शकतात. नावं येतील पाचांची.

"सुईचं पण येईल?"

"येईल."

वहिनीने पडद्याकडे बघितलं. बोक्याचं पान अजून उघडंच होतं.

"नको," ती म्हणाली. "मला एकटीला नाही जायचं बाहेर."